दहा नंबरची जर्सी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अम्मीला नाही. अब्बांना सांगायचं राहून गेलं असं म्हणायची सोय आहे, पण तेही खोटंच — राहून गेलं नाही, मी राहू दिलं. सोळा वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसासमोर बसून सांगायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही, हे तुम्हाला सुरुवातीलाच कळलेलं बरं.

मी फुटबॉल खेळायचो. पोटासाठी खेळायचो म्हणा — सात हंगाम, चार क्लब, करारावर सही, पाठीवर नाव. स्ट्रायकर. पेपरात नाव आलंच तर त्याच्या आधी एक शब्द ठरलेला असायचा: डावखुरा. मिरजेचा डावखुरा स्ट्रायकर. आता गुडघा गेलाय आणि पाचगणीच्या एका निवासी शाळेत मी मुलांना खेळ शिकवतो. मुलं चौकस असतात. विचारतात, सर, तुम्ही उजव्या हातानं जेवता, उजव्या हातानं लिहिता, मग पाय कसा डावा? मी हसतो आणि शिट्टी वाजवतो. शिट्टीचा तेवढा एक फायदा आहे, कुणालाही गप्प करता येतं.

आमच्या घरी सतारीचं काम. अंगणात भोपळे वाळत पडलेले असायचे आणि मी त्यांच्यामधून बॉल काढत न्यायचो. भोपळा फुटला की अब्बांचा हात पाठीत. माझं सगळं ड्रिब्लिंग त्या भीतीतून आलेलं. पाय माझा उजवा. आणि मी बरा खेळायचो — बराच बरा म्हणा हवं तर — पण बराच. हे मला तेव्हाही कळत होतं. कारण माझ्या शेजारी महावीर खेळायचा.

महावीर तासगावचा, कॉलेजला मिरजेत माझ्या वर्गात. घरची द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड. जैनांचं घर आणि नियमाला कडक; दिवस मावळल्यावर पोटात अन्न जायचं नाही. अम्मीनं त्याच्यासाठी एक कढई वेगळी ठेवली होती. तिच्यात बिनकांद्याचे पोहे करायची आणि "ह्याला काय पोहे म्हणायचं रं," असं प्रत्येक वेळी म्हणायची. तो खाली मान घालून दोन बशा संपवायचा.

आणि त्याचा डावा पाय. तो कसा सांगू? आम्ही बॉल मारला की आवाज मोठा यायचा आणि बॉल जवळच पडायचा. त्याचा आवाज कमी यायचा आणि बॉल जायचा तिथं जायचा. मारताना तो उजवीकडे थोडा कलायचा, डावा हात बाजूला उघडायचा — एखाद्याला वाट करून द्यावी तसा. मी हेवा करायचो का? करायचो. पण तो आवडायचाही. दोन्ही एकत्र राहू शकतं, तुम्हालाही ठाऊक असेल.

आता जर्सीचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या संघाकडे जर्सी मोजून अकरा. जास्तीच्या दोन कुणीतरी लग्नाच्या वरातीत नाचायला नेल्या त्या परत आल्या नाहीत. त्यामुळे खेळाडू बदलायचा तर बाहेर येणाऱ्यानं जर्सी काढायची आणि आत जाणाऱ्यानं तीच घालायची, घामासकट. ज्याचा जो नंबर, त्यानं ती घरी नेऊन धुवायची. मैदानावर कुणाला यात काही वावगं वाटायचं नाही. आपल्या गावात कोण नंबर बघतो? लोक चेहरा बघतात.

दहा नंबर माझा होता.

त्या वर्षी मिरजेतल्या स्पर्धेत आम्ही फायनलला गेलो. सेमीफायनलला महावीर नव्हता. द्राक्षाची काढणी चालू होती, शेडमध्ये माणूस कमी. त्या दिवशी मी एक गोल केला, तो माझा. फायनलला महावीर आला, पण आमच्या मास्तरांचा नियम होता: सरावाला नाही तो आधी बाहेर बसणार. तो बाहेर बसला, मी खेळलो. पहिल्या अर्ध्यात दोन सोप्या संधी घालवल्या. एक तर अशी, की अम्मीनंसुद्धा आत ढकलली असती. आम्ही एका गोलनं मागे. शेवटी शेवटी माझ्या पोटरीत गोळा आला, आणि हाफटाइमला मी जर्सी काढून महावीरच्या अंगावर टाकली.

त्यानं दोन गोल केले. दुसरा — मोठ्या चौकटीच्या कोपऱ्यातून, डाव्यानं, लांबच्या खांबाला लागून आत. मी टॉवेल खांद्यावर घेऊन उघडा बसलो होतो. खोटं नाही सांगत, त्या गोलाला सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो. तोवर मी स्वच्छ होतो. इथपर्यंतचा मी मला आवडतो.

मॅच संपली तसा महावीर धावतच बाजूला आला. त्यानं जर्सी काढली आणि माझ्या हातात कोंबली.

"धर गड्या. अम्मीला म्हणावं दोनदा पिळ, लय घाम हाय."

"आरं, कप घ्यायला थांब की."

"न्हाई रं. आता यष्टी गावली तर दिवस मावळायच्या आत जेवीन. न्हाईतर सकाळपतूर उपाशी."

आणि गेला. दोन गोल करून, उपाशी पोटी, पिशवी खांद्याला लावून स्टँडकडे पळत गेला.

पुढे फोटो होता. फोटोला सगळे जर्सीत पाहिजेत, म्हणून मी ती ओली जर्सी पुन्हा घातली. आता सांगा, यात माझी काही चूक होती? नव्हती. मी हजार वेळा तपासलंय. इथंही नव्हती.

त्या दिवशी पुण्याहून एक सर येणार होते. तिथल्या एका अकादमीसाठी मुलं निवडायचे. त्यांची गाडी कऱ्हाडजवळ पंक्चर झाली आणि ते पोहोचले तेव्हा दुसरा अर्धा नुकता सुरू झाला होता. समोरच्या कडेला, लांब, उन्हात डोळ्यांवर हात धरून ते बसले होते. मी खेळलो ते त्यांनी पाहिलंच नाही. एक मिनिटसुद्धा नाही. हे मला आमच्या गोलकीपरनं आधीच सांगितलं होतं — म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहितोय. मला माहीत होतं.

फोटो झाला. मास्तर कप घेऊन पाहुण्यांच्या मागे गेले. सर सरळ माझ्याकडे आले.

"दहा नंबर तूच ना?"

"होय सर."

यातही खोटं काय? दहा नंबर मीच होतो. पण मग ते म्हणाले, "डावा पाय सुरेख आहे तुझा."

इथं. इथं मला बोलायचं होतं. दोन शब्द पुरले असते — तो महावीर. किती वेळ लागला असता? मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून आलं, "थँक्यू सर."

त्यांनी डायरी काढली, नाव विचारलं, मी सांगितलं. वडिलांचं नाव, पत्ता, फोन. शाळेत हजेरी देतात तसं सगळं पटापट सांगितलं. अंगावर महावीरचा घाम थंड पडत चालला होता, आणि मला थंडी वाजत होती.

रात्रभरात सगळं निस्तरता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही आलं असतं. आठवड्यानं फोन आला तेव्हाही आलं असतं. अब्बांनी गल्लीत पेढे वाटले, आणि मग मला वाटलं, आता नाही येणार. खरं तर तेव्हाही येत होतं. पेढे काय, लोकांनी खाल्ले असते आणि विसरले असते.

महावीर तासगावहून मुद्दाम भेटायला आला. मी त्याला सांगितलं, सरांनी सेमीफायनल बघून घेतलं मला. हे दुसरं खोटं. पहिलं निदान तोंडातून निसटलं म्हणता येईल, हे मी दोन दिवस घडवलं होतं.

"मग घेणारच की," तो म्हणाला. "मी न्हवतो त्या दिवशी, न्हाईतर तुझ्याऐवजी मलाच उचलला असता." आणि हसला. मीही हसलो. मग त्यानं पिशवीतून स्वतःचे बूट काढले. "तुझं फाटल्यात. हे ने. मला आता बागेत गमबूटच."

बूट मला बरोबर झाले. डाव्या बुटाची शिवण उजव्यापेक्षा जास्त झिजलेली होती.

अकादमीत पहिल्याच दिवशी सर म्हणाले, डावा दाखव. मी दाखवला, बॉल कुंपणाबाहेर गेला. दुसऱ्या दिवशी तेच. बाकीचे प्रशिक्षक माझ्याकडे बघून त्यांच्याकडे बघायला लागले. सर म्हणायचे, मुलगा बिचकलाय, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय याला. त्या भल्या माणसाच्या शब्दावर मी तिथं राहिलो. आणि मग मला दोनच वाटा उरल्या — खरं सांगायचं, नाहीतर ते खरं करायचं. मी दुसरी धरली. रोज पहाटे मेसच्या मागच्या भिंतीवर डाव्यानं बॉल मारायचो. अंगठ्याचं नख गेलं, परत आलं, परत गेलं. मारताना उजवीकडे कलायचं, डावा हात बाजूला उघडायचा. कसं ते मला पाठ होतं. वर्ष संपता संपता तो पाय आला. सर म्हणाले, बघ, म्हटलं नव्हतं?

मेहनत खरी होती. इथं लोक म्हणतील, मग कमावलंसच की तू. मीही म्हणून बघितलंय. पण ती भिंत मला कुणाच्या जागेवर मिळाली होती? महावीरला ती लागलीही नसती.

मोठ्या संघातला माझा पहिला गोल डाव्याच पायाचा. महावीरचा फोन आला, मागे शेडमधल्या बायकांचा कालवा. "बघितला गड्या, समद्यांनी बघितला. लय भारी. माझ्यासारखाच मारलास की रं." मी म्हणालो, तुझेच बूट ना. दरवर्षी त्याच्याकडून बेदाण्याचा डबा येतो. मी खातो. गोड असतात.

एकदा ठरवून तासगावला गेलो होतो. वाटेत वाक्यसुद्धा जुळवलं. तो शेडमध्ये जाळीवर द्राक्षं पसरत होता, मला बघून हात पुसत आला, आणि त्याच्या आईनं मला ताटावर बसवलं, उजेड आहे तोवर जेव म्हणाली. मी जेवलो. जेवून परत आलो. त्याचं बरं चाललंय — बाग आहे, शेड मोठं केलं, गाडी घेतली. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगतो. त्याचं बरं चाललंय, पण म्हणून तो गोल माझा होत नाही.

या मे महिन्यात तो पाचगणीला आला. बरोबर त्याची मुलगी, समृद्धी, नऊ वर्षांची. "बॉलचं लय याड हाय हिला. जरा बघ," म्हणाला. सुट्टी होती, मैदान रिकामं. मी तिला बॉल दिला.

ती उजवीकडे कलली. डावा हात बाजूला उघडला. आवाज कमी आला, आणि बॉल लांबच्या खांबाच्या आतून जाळीत गेला.

मी बाकावर जाऊन बसलो. सोळा वर्षं ज्याची नक्कल करत जगलो ते असं समोर, मोजे घसरलेल्या पायात.

महावीर माझ्या शेजारी बसला. त्याचा चेहरा फुलला होता. "तुझंच व्हिडिओ बघून शिकली. पाळण्यात हुती तवापासनं दावतोय. म्हणतोय, बघ, युनूसचाचाचा डावा बघ." मग तिला हाक मारली. "इचार चाचाला. कसा केला एवढा डावा, इचार."

ती पुढं येऊन उभी राहिली. धापा टाकत होती. डोळे त्याचेच. महावीरही बघत होता, आणि त्याच्या बघण्यात काही संशय नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मैदानावर चौथं कुणी नव्हतं. यापेक्षा चांगली वेळ कुणाला मिळते?

"रोज भिंतीवर मारायचा बॉल," मी म्हणालो. "रोज पहाटे."

तिनं मान हलवली. एवढ्या गंभीरपणे हलवली, जणू मी तिला काहीतरी मोठं दिलंय.

महावीर घड्याळ बघून उठला. वाईला त्यांचे पाहुणे होते. "चला, घाट उतरला पायजे. दिवस मावळायच्या आत जेवायचंय हिला." मुलीचा हात धरून तो घाईनं गाडीकडे गेला. मी फाटकापर्यंत गेलो. हात केला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी तिथंच होतो.

मिरजेच्या त्या फायनलमध्ये दहा नंबरच्या जर्सीनं दोन गोल केले. दोन्ही महावीरचे. दुसरा डाव्या पायाचा.