भिवामामाच्या कोयत्याचं पाणी

हे मी कुणापाशी काढलेलं नाय. कौशीला, म्हणजे माझ्या बायकोला, माहीत आहे. पण मी सांगितलं म्हणून नव्हे, ती तिथंच उभी होती म्हणून. तिच्याशीसुद्धा त्यावर पुन्हा एक शब्द झाला नाय. तुम्ही निवांत बसलात, म्हणून जीभ सुटतेय.

मुकुंदवाडी स्टेशनापासून जरा चाललं की माझं पत्र्याचं शेड लागतं. मी लोहार. ट्रकच्या कमानपाट्याचे कोयते करतो, ज्याच्या हाताला जसा बसेल तसा. आताशा शहरातली, डोंगरात तंबू ठोकून राहणारी माणसंपण येतात. फोटो काढतात, मला उस्ताद म्हणतात. मी म्हणू देतो.

म्हणू देतो — खोड इथंच आहे.

मला रंग नीट कळत नाय. तांबडा आणि हिरवा, तपकिरी आणि जांभळा — माझ्या डोळ्यांना सगळं एकाच घरचं. लोहाराला हे परवडतं का? कोयता म्हणजे नुसतं ठोकणं नव्हे. त्याला पाणी द्यावं लागतं. तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, काचेसारखं, आणि काचेसारखंच फुटतं. म्हणून ते पुन्हा हळूहळू तापवायचं. घासलेल्या धारेवर आधी पिवळा रंग सरकत येतो, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा आला की विझवायचं. आधी विझवलं तर पातं फुटणार, उशीर झाला तर धार वळणार. वडील शिकवताना विचारायचे, कोणता आला रे? मी पात्याकडं बघतच नव्हतो. त्यांच्या भुवयांकडं बघायचो. त्या जरा वर चढल्या की म्हणायचो, जांभळा! पोराला नजर आहे म्हणून त्यांनी सगळ्या भावकीत सांगितलं. त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी खरं बोललो नाय.

मग कौशी आली. लग्नाला वर्ष झालं नसेल. बाजारातून मी पिकलेले समजून कच्चे टमाटे आणले. तिनं पिशवीत बघितलं, माझ्याकडं बघितलं — हसली नाय. दुसऱ्या दिवशी घण तिच्या हातात होता. आमच्यात घण बायकाच मारतात. मी पातं तापवत होतो, नेहमीसारखा अंदाजानं, घाबरत. आणि बरोबर वेळेला ती हळूच म्हणाली, "हं."

एवढंच. मी विझवलं. तो कोयता असा झाला की गिऱ्हाइकानं भावाला पाठवला.

तेव्हापासून बावीस वर्षं तिच्या त्या एका हुंकारावर माझी भट्टी चालली. कुणी समोर बसलेलं असलं तर ती खोकायची. लोक माझ्या पाण्याची तारीफ करायचे आणि ती पदरानं कपाळ पुसत चहाला आधण ठेवायची. मी कधी म्हटलं का, की नजर हिची आहे? एकदा तरी?

पण हेसुद्धा ते नव्हे. ते अजून पुढं आहे. जरा दमानं सांगतो.

भिवामामा सिल्लोडकडचे धनगर. माझ्या आईच्या गावचे, म्हणून मामा. लहानपणी त्यांनी मला खांद्यावर बसवून कितीदा शेळ्यांमागं फिरवलंय. कडबा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये त्यांची उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून सगळं काम डाव्या हातानं. शेळ्यांसाठी बाभळीचे डहाळे तोडायचे, तर बाजारातला कोयता त्यांच्या हातात वाकडा चालायचा. एक दिवस एसटीनं आले. म्हणाले, "दत्तू, माज्या डाव्या हाताचा एक करून दे. मरंस्तवर पुरला पायजे."

लई आनंद झाला मला. मी एक फळी तासून त्यांच्या हातात दिली, हवेत मारायला लावली. मनगट कुठं वळतं ते बघितलं. त्यांचा पंजा वहीच्या कागदावर ठेवून पेन्सिलीनं काढून घेतला. मामा लाजले होते, नव्या नवरदेवासारखे.

तेव्हा कौशी घरी नव्हती. मुलीचं बाळंतपण झालेलं, म्हणून ती उस्मानपुऱ्याला तिच्याकडं गेलेली. दोन आठवड्यांत येणार होती. मामांना घाई नव्हती. घाई मला होती. का? मला बघायचं होतं — तिच्याशिवाय जमतं का. एक पातं तरी अख्खं माझं असावं, असं वाटलं. एकट्यानं, लहान हातोड्यानं, चार दिवस ठोकलं. पातं देखणं झालं, खोटं कशाला बोलू? मग तापवायला घेतलं. धारेवरून काहीतरी काळपट सरकत होतं. तपकिरी? जांभळा? भट्टीपाशी कुणी खोकणारं नव्हतं. उशीर होईल या भीतीनं मी बुडवून टाकलं.

कौशी परत आल्यावर मामा न्यायला आले, कोयता कपाळाला लावला आणि घेऊन गेले.

महिन्याभरानं परत आले. डाव्या डोळ्याखाली पट्टी. बाभळीच्या गाठीवर पातं फुटलं, तुकडा उडून गालात घुसला. तीन टाके पडले. बोटभर वर लागला असता तर डोळा गेला असता. फडक्यातून कोयता काढून त्यांनी ऐरणीवर ठेवला. रागावले नाय. तुटलेल्या जागी अंगठा फिरवत म्हणाले, "दत्तू, तुजं पाणी असं कदी गेलं नाय रं."

कौशी चहा घेऊन मागं उभी होती.

आणि मी म्हणालो, "मामा, याला पाणी मी नाय दिलं. कौशीनं दिलं. शिकवत होतो तिला."

बावीस वर्षांत पाण्याबद्दल तिचं नाव मी पहिल्यांदा घेतलं, ते हे असं.

त्या दिवसांत ती उस्मानपुऱ्यात नातीला मांडीवर घेऊन बसलेली. "मी इथं नव्हतेच," एवढं बोलली असती तर संपलं असतं. तिनं कपबशी मामांच्या हातात दिली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. वाकून मामांच्या पाया पडली. "व्हय मामा. माज्याच हातून चुकलं."

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आसू दे पोरी. शिकताना व्हतंच."

तिनं डोळे पुसले नाय की काय नाय. पदर खोचला, घण उचलला आणि मला म्हणाली, "घ्या दुसरा पाटा." मामा खाटेवर बसून राहिले. दिवसभर आम्ही दोघांनी ठोकलं. दुपारी तिनं मामांना भाकरी वाढली, त्यांच्यासाठी ठेचा कमी तिखट केला — गालाला झोंबू नये म्हणून. संध्याकाळी पातं तापत होतं, मामा टक लावून बघत होते. मला वाटलं, आज ही खोकणार नाय. का खोकावं तिनं?

ती खोकली. अगदी वेळेवर.

कोयता हातात घेऊन मामांनी विचारलं, "या बारीला तूच दिलंस न्हवं पाणी?"

मी म्हणालो, "व्हय मामा. मीच."

तो कोयता अजून मामांच्या कमरेला असतो. आले की शेडात बसलेल्या कुणालाही काढून दाखवतात, "दत्तूचं पाणी हाय हे, बगा." मग कौशीकडं वळून लाडानं म्हणतात, "पोरी, तू आपली घणच मार." ती हसते.

मीपण हसतो.