बर्फातलं शिसं

कारखान्यासमोरच्या गच्चीत ठेवलेला पांढरा फिल्टर पेपर आठवड्यात राखाडी झाला. मी लगेच पत्रक लिहिलं: "हवेतलं सगळं शिसं याच धुराड्याचं!" पेपर तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "जास्त त्याचंच गं, पण सगळं नाही. थोडं मातीतून उडतं, ज्वालामुखीतून येतं. ध्रुवावरच्या जुन्या बर्फातसुद्धा कणभर शिसं आहे, कारखानेच नव्हते तेव्हाचं."

मी "सगळं" खोडून "बहुतेक" लिहिलं. माझ्याबरोबर पत्रकं वाटणारा सुनील भडकला. "कर आता मालकाची वकिली! मी नाही येणार वाटायला." बाकीचेही त्याच्यामागे गेले.

तेव्हापासून तो बर्फ डोक्यातून जात नाही. कुठूनशी धूळ उडाली, समुद्र ओलांडून तिथे पडली, वर बर्फ साचत गेला. कुणी पाहिलं नाही. घोषणा द्यायला कुणी नव्हतं, आणि ज्याच्याविरुद्ध द्यावी असं धुराडंही नव्हतं. एवढी शांतता मला सोसली नसती.

इथे मात्र धुराडं आहे, आणि त्याला पकडायला खोटं बोलावं लागत नाही. म्हणून आज गेटवर मी एकटीच उभी राहिले. पहिल्या कामगाराने पत्रक न वाचताच खिशात घातलं आणि विचारलं, "ताई, बाकीचे कुठंयत?"