लग्नाच्या सकाळी उमललेली वोन्चुरी

गुर्ये गावच्या बाजारात ओकबुनने उभं आयुष्य बायकांचे केस कुरळे करण्यात घालवलं. पार्लर बंद झालं आणि हातांना करमेना. लेकीने सोलहून आपला जुना कॅमेरा पाठवला, सोबत अगदी जवळून फोटो काढायची लेन्स. तेव्हापासून ती अंगणातल्या वोन्चुरीच्या लिलींपुढे जी बसली ती बसलीच. नवऱ्याला, पिल्होला, वोन्चुरी ठाऊक होती ती वसंतातल्या कोवळ्या कोंबांच्या भाजीपुरती.

एके उन्हाळ्यात तिने केस रंगवायच्या ब्रशने डाळिंबी रंगाच्या फुलाचे पराग पिवळ्या फुलाला लावले. बी धरलं, रोपं आली. त्यातल्या एकाला दोन-तीन वर्षांनी दांडा फुटला आणि पहिली कळी टपोरली, ती नेमकी पिल्होच्या भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. वोन्चुरीचं फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं ते कायमचं.

"उद्या लवकर निघायचंय," पिल्हो म्हणाला.

"फोटो काढून निघू."

"ताईला काय सांगू? फुलाला बरं नव्हतं म्हणून?"

सकाळी ओकबुन लग्नासाठीचा रेशमी पोशाख, हानबोक, घालून, केस बांधून अंगणात आली. फूल उमललं होतं. फिकट, विटकरी, धुऊन विटलेल्या फडक्यासारखं. तिचं तोंड एवढंसं झालं. इतकी वाट पाहिली ती याची?

"काढ तरी," पिल्हो म्हणाला. "नटूनथटून आलीयेस त्याच्यासाठी."

वाऱ्याने दांडा डोलत होता. पिल्होने कोट काढून खुंटीला लावला, गोधडी पसरून आडोसा धरला. ओकबुन गुडघ्यांवर बसली, पाकळीच्या अगदी जवळ सरकली आणि तिने श्वास रोखला. लेन्समधून पाहते तर त्या विटक्या पाकळीवर बारीक अभ्रक उधळल्यासारखी चमचम. मुळाशी कोवळा हिरवा रंग, तिथून शिरा निघून कडेपर्यंत गेलेल्या.

"अहो, हलू नका."

"मी हलत नाहीये, माझे हात हलतायत. अजून किती?"

"झालंच."

झालं मात्र बऱ्याच वेळाने. पिल्होचे खांदे भरून आले, तरी त्याने गोधडी खाली घेतली नाही. मग ती ठेवून तोही वाकला, कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि उठून गोधडी पुन्हा आडोशाला धरली.

सुनचनला पोचले तेव्हा लग्न लागून गेलं होतं, पंगत बसत होती. वन्संनी ओकबुनच्या बाहीवरचा केशरी डाग पाहिला.

"वाटेत आमटीत पडलीस की काय गं?"

"पराग आहेत, वन्सं."

"बरं. नवरीला सोडून फुलाच्या मागे. लोकांनी विचारलं तर काय सांगू?"

ओकबुनने कॅमेरा पुढे केला. वन्संनी चष्मा लावला.

"हे तुमच्या अंगणातलं?"

"आजच उमललंय."

"त्यावर चमकी कुणी टाकली?"

"कुणी नाही. तशीच आहे."

वन्संनी कॅमेरा परत दिला नाही. शेजारच्या बायकांना दाखवला, मग नवरीला. ओकबुनने नूडल्सचा वाडगा ओढला आणि पोटभर जेवली. परतताना गाडीत पिल्हो म्हणाला, "दांड्यावर अजून कळ्या आहेत. उद्या गोधडीऐवजी चादर घेऊ, हलकी पडेल."