काडीवरचं धिरडं

माझ्या एकाहत्तर वर्षांच्या, जन्मभर कांदा-लसूणसुद्धा बेतानं खाणाऱ्या वडिलांना मी मासे खायला घातले, आणि तेही आईचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत.

२००५ची गोष्ट. आई पुण्यात अचानक गेली. मी अमेरिकेतून, रेडमंडहून पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. दोन महिन्यांनी आप्पांना मी इकडे घेऊन आलो. ते दिवसभर खिडकीपाशी बसून पाऊस बघायचे आणि दोन्ही वेळेला दहीभात खायचे. मेघानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पुरणपोळीपासून पास्त्यापर्यंत सगळं करून पाहिलं. आप्पा म्हणायचे, "छान झालंय," आणि ताट बाजूला सारायचे.

एका शनिवारी मेघानं मुळे आणायला पाठवलं म्हणून आप्पांना गाडीत घालून कोरियन दुकानात गेलो. दाराशीच एक छोटा गाडा होता. त्यावर वाफाळत्या रश्श्यात काड्या उभ्या होत्या, आणि प्रत्येक काडीवर धिरड्यासारखं काहीतरी घड्या घालून टोचलेलं. लोक उभ्यानंच खात होते आणि कागदी पेल्यातून रस्सा पीत होते. गाड्यावरच्या साठीच्या बाईंना मी विचारलं, "नो मीट?"

"नो मीट," त्या म्हणाल्या. (त्या खोटं बोलल्या नव्हत्या, हे मला पुढे कळायचं होतं.)

मी हात पुढे केला तर त्यांनी मला डोळ्यांनीच दटावलं आणि पहिली काडी दोन्ही हातांनी आप्पांना दिली. थोरल्यांनी सुरुवात केल्याशिवाय धाकट्यांनी तोंड लावायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. आप्पा खूश झाले. म्हणाले, इथे रीतभात आहे, तुझ्या घरात नाही. मग त्यांनी खाल्लं.

"डाळीचं दिसतंय," ते म्हणाले. "आणि कट फार सुरेख आहे."

त्यांनी दोन काड्या संपवल्या. आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागून घेतलं होतं. मी घरी येऊन मेघाला सांगताना रडलो, आणि पुण्याला बहिणीला फोन करून माझ्या हुशारीचं वर्णन केलं. त्यानंतर दर शनिवारी आमची वारी ठरलेली. आप्पा शुक्रवारपासूनच बूट पुसून ठेवायचे.

चौथ्या शनिवारी माझी आठ वर्षांची मुलगी ईरा बरोबर आली. शेजारच्या फ्रीझरमध्ये त्याच घड्यांचं पाकीट होतं. ते तिनं वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, धिस इज फिश केक."

आप्पांच्या हातात तिसरी काडी होती. त्यांनी ती हळूच पेल्यात ठेवली. घरी येताच ते आंघोळीला गेले. मी घाबरून पुण्याच्या गुरुजींना तिकडच्या पहाटे झोपेतून उठवलं. त्यांनी पंचगव्य सांगितलं. रेडमंडमध्ये मला कुठलंही सॉफ्टवेअर मिळालं असतं, गोमूत्र कुठून आणू? मेघा म्हणाली, तू आता काहीही आणू नकोस.

संध्याकाळी आप्पांनी मला बोलावलं. परतीचं तिकीट मागणार, अशी माझी खात्री होती.

"तुझी आई मालवणची," ते म्हणाले. "आपल्या घरात आली त्या दिवशी तिनं मासे सोडले. चाळीस वर्षं. जड गेलं का, हे मी एकदाही विचारलं नाही." मग म्हणाले, "मला चार शनिवारांत चटक लागली रे."

पुढच्या शनिवारी त्यांनी आपणहून बूट घातले. बाईंनी काडी पुढे केली तेव्हा आप्पांनी हात जोडून नको म्हटलं, आणि ईराला सांगितलं, "त्यांना म्हणावं, माझ्या बायकोला हे फार आवडलं असतं." बाईंनी विचारलं, मग त्यांना का नाही आणलं? ईरा म्हणाली, "शी डाइड."

बाईंनी एक पेला घेतला, त्यात रस्सा ओतला, एक काडी ठेवली आणि तो गाड्याच्या कडेला वेगळा मांडला. वाफ थांबेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.

आप्पांनी विचारलं नाही, हे त्यांनी निदान कबूल तरी केलं. मी कॉलेजात असताना दर महिन्याला मित्रांबरोबर पापलेट हाणायचो आणि आईला वास येऊ नये म्हणून मूठभर बडीशेप चावत घरी यायचो. ती दार उघडायची, क्षणभर माझ्याजवळ थांबायची आणि मुकाट्यानं पाणी आणून द्यायची. मालवणच्या मुलीला आपण बडीशेपेनं फसवलं, असं मी वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत समजत होतो.