पितृपंधरवड्यात अडकलेला अहवाल

मी मुळातच भित्रा. सरकारी नोकरीने त्या भित्रेपणाला पेन्शन लावून दिली, एवढंच.

जुन्या वास्तूंना संरक्षित यादीत घेण्याचे प्रस्ताव तपासायचे, पाहणी करायची आणि अहवाल वर पाठवायचा, हे दिल्लीतलं माझं काम. त्यात पहाडगंजमधली एक जुनी हवेली माझ्या वाट्याला आली. तिच्या वरच्या मजल्यावर मावशी मेस चालवायच्या. मावशी नात्यातल्या नव्हेत. परीक्षांसाठी महाराष्ट्रातून आलेल्या माझ्यासारख्या पोरांना त्यांनी वर्षानुवर्षं वरण-भात घातला, म्हणून मावशी. मालकाला हवेली पाडून हॉटेल बांधायचं होतं. प्रस्ताव विचाराधीन असेपर्यंत त्याला वीटही हलवता येत नव्हती. मावशींचं घर आणि चूल त्या एका नियमावर टिकून होती.

मी अहवाल लिहिला. हवेली यादीत घ्यावी, असं स्पष्ट म्हटलं. आता संगणकावर फक्त एक बटण दाबायचं होतं. आनंदाने मावशींना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "अरे, पितृपंधरवडा लागलाय. एवढं शुभ काम आत्ता नको. घटस्थापनेला पाठव."

मला पटलं. आमच्या घरी पक्षात नवा रुमालसुद्धा आणत नाहीत. पंधरा दिवसांत काय आभाळ कोसळणार होतं?

कोसळलं. येणार येणार म्हणून वर्षभर ऐकत होतो, तो जुन्या वास्तूंचा नवा कायदा त्याच पंधरवड्यात लागू झाला. सोबतच्या परिपत्रकात लिहिलं होतं: ज्यांचा पाहणी अहवाल आधीच वर पोचला आहे, ते प्रस्ताव जुन्या नियमांनी पुढे चालतील. बाकीचे रद्द. त्यांनी नव्याने अर्ज करावा. त्या नव्या अर्जाचा नमुना अजून ठरलाच नव्हता, आणि तोवर इमारतीला कसलंच संरक्षण नव्हतं.

साहेबांनी यादीवर बोट ठेवलं. "ये पहाडगंजवाला तो गया. रिपोर्ट टाइम पे क्यों नहीं भेजी, यार?"

काय सांगणार, पितर आले होते?

"सर, रह गया," मी म्हणालो.

त्यानंतर फोन वाजला की मावशींचा तर नाही ना, ते आधी बघायचो. मयूर विहारच्या घरी बायको रोज म्हणायची, "सांगून टाक ना त्यांना." मी रोज उद्यावर ढकलायचो. मालकाला हे परिपत्रक कळलं असेल का, एवढंच डोक्यात घोळत असे. घटस्थापनेला सकाळीच मावशींचा फोन आला.

"आज दिवस चांगला आहे. पाठवलास ना अहवाल?"

"हो," मी म्हणालो. इतकं सहज खोटं बोलता येतं, याचीही मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मात्र राहवेना. ऑफिसमधून अर्ध्या दिवसाची रजा काढून पहाडगंजला गेलो. जिन्यातच दोन माणसं मोजपट्टी धरून उभी होती. एक आकडे सांगत होता, दुसरा लिहून घेत होता. भिंतींवर लाल खडूच्या फुल्या होत्या.

वर मावशी चहा गाळत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"कालच पाठवलास आणि आज तुमची माणसं आलीसुद्धा! केव्हापासून मोजमापं घेतायत बिचारी. हे दोन कप त्यांना नेऊन दे आधी."

मी कप हातात घेतले. परत ओट्यावर ठेवले.

"मावशी," मी म्हणालो, "ती आमची माणसं नाहीत."