भोंगा त्याच्या खांद्यावर होता

पत्रकं मी ढिगाने लिहिली. हे मात्र कुठल्याच पत्रकात आलेलं नाही. घरी नाही, मित्रांत नाही, दारू चढल्यावरसुद्धा कुणापाशी नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

मोर्चे काढणाऱ्या आमच्या गटाकडे एक जुना भोंगा होता. पट्ट्याने खांद्याला अडकवायचा. माईक वेगळा, पिळाच्या वायरचा. मुबारक ताडमाड उंच, म्हणून भोंगा त्याच्या खांद्यावर. मी त्याच्या पाठीमागे उभा राहून घोषणा द्यायचो. मी निपाणीकडचा, कन्नडही तेवढ्याच जोरात येतं.

महादेवपुऱ्यात मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या पाडल्या, त्या दिवशी माझं डोकं फिरलं. आयटी पार्कच्या काचांसमोर बायका चेपलेली भांडी गोळा करत होत्या — कुणाचं नाही फिरणार? ठरलेली घोषणा सोडून मी ओरडलो, "शहर पेटेल, तेव्हाच सरकार उठेल!" बॉम्ब टाकणारे हीरो बघत वाढलोय आपण, थिएटरात अशा वाक्याला शिट्ट्या पडतात. तिथेही पडल्या. मुबारक मान वळवून म्हणाला, "ए, स्वल्प सांभाळ की! तोंड माझं दिसतंय, तुझं नाही." मी हसलो.

पुढच्याच आठवड्यात शहरात एका बसथांब्यावर स्फोट झाला. माणसं मेली. आमचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण आमचा व्हिडिओ फिरायला लागला — भोंगा, शेजारी मुबारकचा चेहरा, आणि ते वाक्य. मी कुठेच दिसत नाही. आणि भोंग्यातून आवाज असा फाटून येतो, की सख्खी आई ओळखणार नाही.

मुबारकला उचललं. दहशतवादाचा कायदा लावला. त्याने खरं ते सांगितलं — घोषणा माझी होती. मग मला बोलावलं. साहेबांनी एकच विचारलं, घोषणा कुणी दिली?

मी म्हणालो, "भोंगा त्याच्या खांद्यावर होता, सर."

बघा — यात खोटं काही आहे? पत्रकं लिहिणाऱ्याला शब्द बेतायला येतात. शिवाय त्याचं नाव मुबारक आहे, माझं नाही. त्या खोलीत कुणाचं खरं धरलं जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. याच अन्यायावर तर मी गावभर पत्रकं वाटली होती!

इथवर भित्रेपणा म्हणा. पुढच्याला काय म्हणाल?

आमच्यात एक नियम आहे — पोलिसांपुढे साथीदाराचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की तो माणूस आमच्यातून उठला. घोषणा कुणाची, हे निम्म्या लोकांना माहीत होतं. पण नाव खरं घेतलं की खोटं, हा आमच्याकडे प्रश्नच नसतो. मल्लेश्वरममध्ये बैठक झाली. "तू काय सांगितलंस?" मला विचारलं. मी म्हणालो, तोंड उघडलं नाही. सगळ्यांनी पाठ थोपटली. माझं नाव घेतलं म्हणून मुबारकला गटातून काढायचा ठराव आला. शब्द कुणी लिहायचे? — मीच लिहिले. त्याला दिलेला वकीलही आम्ही काढून घेतला.

त्याची थोरली बहीण, नसीमअक्का, देवनहळ्ळीला असते. मला ती 'तम्मा' म्हणते, धाकट्या भावाला म्हणतात तसं. मध्यंतरी तिने घरी बोलावलं. मी गेलो, न जाऊन कसं चाललं असतं? चहा ठेवता ठेवता म्हणाली, "तम्मा, त्याला माफ कर. आत राहून भ्रम झालाय त्याला. भेटायला गेलं की एकच धोशा — ओरडला तो, बसलो मी. तुझ्याबद्दल असं बोलतो, लाज वाटते रे मला."

"असू दे, अक्का," मी म्हणालो.

चहा प्यायलो. तिने आणखी घे म्हटलं, तेव्हा आणखी घेतला.

जामीन परवा पुन्हा नाकारला. एवढं सांगून झाल्यावर मी आता पोलिसांकडे जाईन, असं तुम्हाला वाटत असेल. नाही जाणार. काल त्याच कायद्याविरुद्ध नवीन पत्रक लिहून दिलंय. जळजळीत झालंय, म्हणाले सगळे.