पॅसेंजर लेट होती

माझ्या जन्माची वेळ एका पॅसेंजर गाडीवरून ठरली, आणि ती गाडी त्या दिवशी लेट होती. हे मला कळायला पंचवीस वर्षं लागली. तोवर त्या वेळेनं माझं जे करायचं ते करून टाकलं होतं.

माझं आजोळ दौंडचं. मामाचं घर रुळाच्या कडेला, इतकं की गाडी गेली की फळीवरची भांडी वाजायची. आई पहिलटकरीण म्हणून तिथं आलेली. घरात घड्याळ होतं, पण ते बंद पडलेलं. मामीनं आतून ओरडून सांगितलं, "गाडी गेली आन् पोर झाली." मामा बाहेर ओट्यावर रात्रभराच्या जागरणानं पेंगत बसलेला. त्यानं वेळापत्रक आठवलं, सकाळची पॅसेंजर नऊ दहाची, आणि कॅलेंडरवर पेन्सिलीनं नऊ दहा लिहून टाकलं. बाळंतपण बायकांनी केलं आणि वेळ बाप्यानं लिहिली. आत जाऊन एकदा विचारावं असं त्याला वाटलं नाही.

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. पाट्यावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवीनं येऊन माझं नशीब लिहावं म्हणून. सकाळी कागद कोराच. मी लहानपणी आईला विचारायचे, सटवीचं लिहिलेलं दिसतच नसेल तर पेन कशाला ठेवता? आई म्हणायची, "गप बस, तोंड लई चालतंय तुझं." आणि मग तीच ती राजाच्या पोराची गोष्ट सांगायची. लग्नाच्या दिवशी त्याला वाघ खाणार असं कपाळी लिहिलेलं. राजा घाबरून लोखंडाचा महाल बांधतो, मुंगी शिरायला फट ठेवत नाही, आणि ऐन हळदीत भिंतीवरच्या चित्रातला वाघ खाली उतरतो. आईच्या डोळ्यांत दर वेळी पाणी. मला मात्र राग यायचा. वाघाचं ठाऊक असताना त्या भिंतीवर वाघ काढला कोणी? सगळं गाव सटवीपुढं हात जोडतं आणि चितारी बिदागी घेऊन घरी जातो.

आम्ही शिक्रापूरच्या बाजूला राहायचो. वडिलांची थोडी शेती, हायवेच्या कडेला दोन खोल्या कंपनीतल्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या. मी शाळेत असताना, नव्वदच्या दशकात, घरी एक पोस्टकार्ड आलं होतं. देवीचा चमत्कार झाला आहे, हे वाचून अकरा जणांना लिहा, एकानं फाडून टाकलं तर त्याची म्हैस मेली. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून अकरा पत्रं मी लिहिली. बोटं दुखली. आमच्याकडं म्हैससुद्धा नव्हती. पण कहाणीत वसा टाकला की वाटोळं होतं हे आईच्या हाडात मुरलेलं, तिथं मी काय सांगणार.

मी शिकले, आणि दोन हजार सालानंतर जवळच्याच एका कंपनीत स्टोअरला लागले. तिथं पहिल्यांदा कॉम्प्युटर हाताखाली आला. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी-तिघी शिक्रापूरच्या सायबर कॅफेत जायचो. तेव्हा ती स्क्रॅपवाली साइट नवीन होती. आपला फोटो लावायचा, मित्रांची यादी करायची, एकमेकांच्या पानावर चार ओळी लिहायच्या, त्याला स्क्रॅप म्हणायचे. उघडल्या उघडल्या वर एक ओळ यायची, तुमचं आजचं भविष्य. माझ्या मैत्रिणी ती आधी वाचायच्या. आणि स्क्रॅपमध्ये काय यायचं तर तेच जुनं पोस्टकार्ड: हा देवीचा फोटो अकरा जणांना पाठवा, नाही पाठवला तर नऊ दिवसांत वाईट बातमी. म्हशीच्या जागी नोकरी आली होती, एवढाच काय तो सुधार. बी.कॉम. झालेल्या पोरी घाबरून अकरा जणांना पाठवायच्या. मी एकालाही पाठवला नाही. पुढं माझं लग्न मोडलं तेव्हा त्यातली एक मला म्हणाली, "बघ, तवा पाठवायला पायजे होता." मी तिच्याशी सहा महिने बोलले नाही.

स्थळ मामानंच आणलं होतं, दौंडचं. मुलगा पुण्यात एका ऑफिसात, घरी शेती, वडील पंचक्रोशीत मान असलेले. त्यांना सगळे आप्पा म्हणत. पत्रिका कुणी मागितली नाही. आमच्यात तशी फार बघतही नाहीत, सोयरीक बघतात. मार्गशीर्षात साखरपुडा झाला, लग्न वैशाखात धरलं. मुलगा बोलायला बरा होता. माझ्या पानावर स्क्रॅप लिहायचा, जेवलीस का, आज काम किती. मला तो आवडला होता, हे आता सांगायला लाज कसली. त्या साइटवर माझ्या नावापुढं मी 'एंगेज्ड' लिहिलं आणि कॅफेत बसलं की ते चार वेळा उघडून बघायचे.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आप्पा मोटारसायकलवरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. तो दिवस किंक्रांतीचा. खापर फोडायचंच तर किंक्रांतीवर फोडता आलं असतं, पण किंक्रांतीशी काही लग्न ठरलेलं नव्हतं. आठ दिवसांत त्यांचा निरोप आला, मुलीची पत्रिका पाठवा. मामाच्या कॅलेंडरवरच्या नऊ दहावरून भटजींनी पत्रिका मांडली. निघालं मूळ नक्षत्र. मुळाची मुलगी सासऱ्याला वाईट. लग्नाआधीच मांडी मोडली, लग्नानंतर काय होईल? मध्यस्थ येऊन नारळ, साडी, अंगठी परत देऊन गेला. चहासुद्धा घेतला नाही.

वडील दोन दिवस रानातच राहिले. गावात मला बघून बाया बोलायच्या थांबायच्या. हे सगळं मी सोसलं असतं. पण आई एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "माझंच चुकलं. थोडी कळ काढली असती, दम धरला असता, तर येळ टळली असती." मला आधी कळेचना ती काय म्हणतेय. मग कळलं. आपण बाळंत लवकर झालो, म्हणून पोरीचं वाटोळं झालं, असं ती म्हणत होती. अंगावरच्या कळा तिनं धरून ठेवायला हव्या होत्या. त्या शनिवारपासून तिनं निर्जळी उपास धरले. अकरा शनिवार करायचे, माझ्या नावानं. अगोदरच किरकोळ बाई, चौथ्या शनिवारी हौदापाशी चक्कर येऊन पडली.

मला एकच हवं होतं. तिच्या डोक्यातलं हे काढायचं.

म्हणून मी चौफुल्याला एसटी बदलून दौंडला गेले आणि मामीला विचारलं, "मामी, मी झाले तवा उन्ह कुठं होतं?" मामीला विचार करावा लागला नाही. "चुलीपाशी आलं व्हतं की. दुपार झाली व्हती. सकाळधरनं गाडीच न्हवती, पुढं कुठंतरी मालगाडी पडली व्हती म्हनं. मी दोनदा भाकरी केल्या, दोनदा गार झाल्या." मामा तिथंच बसला होता. मी म्हटलं, "मामा, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही मामीनं?" मामी म्हणाली, "मला कुनी इचारलंच न्हाई." मामा पंचा झटकून बाहेर गेला.

दुपारची वेळ धरून दुसरी पत्रिका केली. मूळ सकाळीच संपलं होतं, मी पूर्वाषाढाची निघाले. भटजी म्हणाले, उत्तम नक्षत्र. तीच मी, तोच दिवस, आणि गाडी लेट होती म्हणून मी एकदम उत्तम. मला त्या भटजींच्या तोंडावर दोन्ही पत्रिका फेकाव्या वाटल्या. फेकल्या नाहीत, कारण एक उपयोगाची होती. मामा ती घेऊन आप्पांच्या घरी गेला. मुलाच्या आईनं दारातूनच सांगितलं, "पत्रिका बदलून आनली म्हून नशीब बदलतं व्हय?"

हे ऐकून आई आणखी खचली. आता म्हणे तिच्या माहेरच्यांनी वेळ चुकीची सांगितली म्हणून लग्न मोडलं, म्हणजे दोष पुन्हा तिचाच. उपास चालूच. मला मात्र त्या बाईचं बोलणं खटकलं. मुळाची भीती होती तर मूळ गेल्यावर आनंद व्हायला हवा होता. नाचता येईना अंगण वाकडं, तसलं काहीतरी आहे, असं मनात आलं आणि मी सायबर कॅफेत जाऊन त्याचं पान उघडलं.

त्याचं पान धुऊन पुसून ठेवलेलं. एकही स्क्रॅप नाही. पण त्या साइटची एक खोड होती. उत्तर लिहिलं की ते आपल्या पानावर राहायचं नाही, समोरच्याच्या पानावर जाऊन बसायचं. त्याच्या यादीत पुण्याची एक मुलगी होती, त्याच्याच ऑफिसातली. तिचं पान उघडं होतं आणि त्यानं लिहिलेलं सगळं तिथं होतं. घरी सांगितलंय, आई तयार आहे, आप्पा ऐकतायत, तिकडचं काहीतरी करून मोडतो, तू काळजी करू नको. प्रत्येक ओळीखाली तारीख आणि वेळ, मिनिटासकट. ती तारीख संक्रांतीच्या आठ दिवस आधीची. आप्पा तेव्हा धडधाकट होते, मोटारसायकल फिरवत होते.

कॅफेवाला विचारायला लागला, ताई पाणी देऊ का. मी म्हटलं, प्रिंट दे.

ती पानं मी वडिलांना वाचून दाखवली. त्यांनी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली म्हणून शिव्या घातल्या. आईनं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि ठेवून दिला. "मिशनीतलं काय खरं? कायबी छापतंय ते." पोस्टकार्डावरची मेलेली म्हैस तिला खरी वाटली होती, आणि हे खोटं. मला इतका संताप आला की मी ताट सरकवून उठले. पण तिचं बरोबरच होतं. तिला ते माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

मी परत दौंड गाठलं, एकटीनं. आप्पा पडवीत पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये. मी पाया पडले नाही. कागद त्यांच्या चादरीवर ठेवला आणि म्हटलं, "आप्पा, तुम्हाला वाचता येतं. तारीख बघा." त्यांनी चष्मा लावून वाचलं. बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "मला ठाव हाय, बाई. त्यानं आधीच सांगितलं व्हतं."

मी विचारलं, "मग पत्रिका कशाला मागवली?"

"पोराचं नाव खराब झालं असतं, तुमचीबी चारचौघांत शोभा झाली असती. नशिबावर घातलं की कुनी कुनाला जाब इचारत न्हाई." हे ते शांतपणे सांगत होते, जसं शेताला पाणी कुठल्या बारीनं द्यायचं ते सांगतात तसं. वर म्हणाले, "तू शिकलेली हायस, तुला दुसरं चांगलं मिळंल."

"आप्पा," मी म्हटलं, "मला तुमचा पोरगा नको. पाय बरा झाला की आमच्या घरी या आणि हे माझ्या आईला सांगा. नाही आलात तर हे कागद घेऊन मी ग्रामपंचायतीत बसेन." त्या वयात इतक्या मोठ्या माणसाशी मी तशी बोलले. आज असते तर याहून वाईट बोलले असते.

ते आले. चैत्रात, काठी टेकत, जीप करून. एकटेच. वडिलांनी त्यांना बस म्हटलं नाही, ते आपणच खाटेवर बसले. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चहा आणून ठेवला, जणू व्याहीच आलेत. तो शनिवार होता. तिच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता.

आप्पांनी सुरुवात केली ती नशिबापासून. योग नव्हता, वेळ असते एकेक. मी म्हटलं, "आप्पा, सरळ सांगा." मग खाली मान घालून त्यांनी सांगितलं. पोराचं दुसरीकडं होतं. आपल्याला ठाऊक होतं. पाय नंतर मोडला. पत्रिका निमित्ताला मागवली.

आई उभीच होती. आमच्या घरात तिनं आजवर परक्या माणसापुढं तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "म्हंजी माझी पोर झाली ती येळ वंगाळ न्हवती."

"न्हाई, वहिनी."

"आन् तुमाला ते तवाच म्हाईत व्हतं."

आप्पांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"मग मी धा शनवार उपाशी मेले, चक्कर येऊन पडले, ते कुनाच्या पापाचं?" आवाज चढलेला नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती, खरंच. आप्पांनी वडिलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आईनं त्यांच्यापुढचा चहाचा कप उचलला, तिथंच, त्यांच्या समोर उभ्या उभ्या पिऊन टाकला, आणि कप विसळायला आत घेऊन गेली.